इराणी कादंबऱ्यांतली घरगुती भांडणं मिटत का नाहीत?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा. तुम्ही लागोपाठ तीन इराणी कादंबऱ्या अनुवादातून वाचल्यात. तिन्हींत आई-लेकीचं किंवा बाप-मुलाचं बिनसलेलं, निम्मं घर परदेशात, आणि शेवटच्या पानापर्यंत समेट नाही. हे सगळं १९७९ च्या क्रांतीमुळे झालं का? की आपल्याकडे मुलगा अमेरिकेत स्थायिक झाल्यावर जे होतं तेच हे, फक्त माणसांची नावं फारसी? आणि पुढे वाचायचं तर कुठून?

गेली सव्वीस वर्षं मी फारसी शिकवते आणि जमेल तेवढ्या कथा मराठीत आणते. माझं उत्तर एका शब्दापासून सुरू होतं, कारण तो शब्द मी स्वतः पहिल्यांदा चुकीचा लावला होता.

फारसीत ‘क़हर’ म्हणतात. आपला ‘कहर’ तोच, पण मराठीत येईपर्यंत त्याचा अर्थ पार बदलला. इराणी घरात क़हर म्हणजे अबोला. एका कथेत सासू-सुनेच्या प्रसंगात तो आला, तेव्हा मी ‘राग’ असं लिहून पुढे गेले. पुण्यात शिकायला आलेल्या तेहरानच्या एका मुलीला तो खर्डा मी वाचून दाखवला, तर ती थांबवून म्हणाली, ‘राग एकट्याला येतो. क़हर दोघांत असतो. आणि तो सोडवायची रीत असते.’ क़हरचा जोडशब्द ‘आश्ती’, म्हणजे पुन्हा बोलू लागणं. त्यासाठी घरातलं कुणीतरी थोरलं माणूस मध्ये पडतं, दोघांना एका खोलीत बसवतं, चहा येतो, एकजण दुसऱ्यापुढे साखरेचा वाडगा सरकवतो, आणि कुणीही माफी न मागता प्रकरण मिटतं. हा शेवट ठरलेलाच असतो, म्हणून तर इराणी माणूस बिनधास्त अबोला धरू शकतो.

आता या दोघांच्या मध्ये सरहद्द घाला. मध्यस्थी करणारी आजी तेहरानमध्ये, रुसलेला मुलगा फ्रँकफुर्टला. एक खोलीच नाही, तर साखरेचा वाडगा सरकवायचा कुठे? माझ्या मते समकालीन इराणी कथा-कादंबरीचा हा गाभा आहे. भांडणं जगभरच्या घरांत असतात तशीच आहेत. ती मिटवायची साधनं मात्र काढून घेतली गेली आहेत.

इथे तुमच्या दुसऱ्या प्रश्नाकडे येते, कारण आपल्याशी केलेली तुलना याच ठिकाणी थांबते. आपल्याकडेही डेक्कनवरच्या फ्लॅटमध्ये दोघंच म्हातारी असतात आणि मुलगा न्यू जर्सीत असतो. पण आई-वडील व्हिसा काढून सहा महिने जाऊन येतात, आणि वडील गेले तर मुलगा मिळेल ते विमान पकडून येतो. इराणात अमेरिकेचा दूतावासच उरलेला नाही. १९७९ च्या नोव्हेंबरात तो ताब्यात घेतला गेला आणि १९८० च्या एप्रिलमध्ये दोन्ही देशांचे संबंध तुटले. तेव्हापासून तेहरानच्या आईला लेकीकडे अमेरिकेत जायचं असेल, तर मुलाखतीसाठी आधी अंकारा, येरेवान किंवा दुबईसारखं तिसऱ्याच देशातलं शहर गाठावं लागत आलंय. मुलाने लष्करी सेवा चुकवली असेल तर त्याला पासपोर्ट मिळत नाही. विवाहित बाईला पासपोर्टसाठी नवऱ्याची संमती लागते. आणि १९८० च्या दशकात जे राजकीय कारणाने निसटले, त्यांना परत आलं तर विमानतळावरूनच उचलतील ही भीती असते. बापाच्या मातीला पोचायचं की नाही, हा तिथे रजेचा आणि तिकिटाचा प्रश्न नसतो. कादंबऱ्यांत मृत्यूच्या बातम्या फोनवरून येतात, आणि ऐकणारा कुठल्यातरी परक्या स्वयंपाकघरात रिसीव्हर धरून उभा राहतो.

हे तपशील कादंबरीत क्वचितच समजावून सांगितलेले असतात. इराणी वाचकाला ते पाठ असतात. मराठी वाचकाला ते माहीत नसले, तर त्याला वाटतं की ही माणसं उगाच हट्टी आहेत. एकदा जाऊन भेटत का नाहीत?

परीनूश सनीईंची ‘सहम-ए-मन’ घ्या, म्हणजे ‘माझा वाटा’. २००३ साली आलेली ही कादंबरी इराणात प्रचंड खपली. मासूमे ही कोमसारख्या कर्मठ शहरातून तेहरानला आलेली मुलगी. शाळेत जाता-येता औषधाच्या दुकानातल्या एका मुलावर तिचा जीव जडतो. भावांना कळल्यावर मारहाण होते आणि मग घाईघाईने दुसऱ्याशी लग्न. नवरा डाव्या चळवळीतला. क्रांतीआधी, शाहच्या राजवटीत तुरुंगात, क्रांतीनंतर थोडे दिवस वीर, आणि पुढे नव्या सत्तेकडून मृत्युदंड. थोरला मुलगा राजकारणात अडकतो, म्हणून आई त्याला तस्करांच्या हाती सोपवून सरहद्दीपलीकडे काढते. धाकटा युद्धात शत्रूच्या हाती सापडतो. इराण-इराक युद्ध १९८० ते १९८८ असं आठ वर्षं चाललं. त्या काळात भरतीच्या वयाला टेकलेल्या मुलांना देशाबाहेर जाऊच देत नसत, त्यामुळे कित्येक आयांनी वयात येणारी पोरं रातोरात तुर्कस्तानच्या किंवा पाकिस्तानच्या वाटेला लावली. मासूमे त्यांच्यातली एक.

पण कादंबरीचा खरा घाव शेवटी आहे. (कथानकाचा शेवट आधी कळणं ज्यांना नको असेल त्यांनी हा परिच्छेद सोडावा.) पन्नाशी ओलांडलेल्या मासूमेला तो पहिला माणूस पुन्हा भेटतो आणि लग्नाचं विचारतो. भाऊ आता आड येऊ शकत नाहीत. आड येतात तिची मुलं, जी तिने हाडं झिजवून वाढवली तीच. शिकलेली, आधुनिक, स्वातंत्र्याच्या गप्पा मारणारी मुलं. आणि ती माघार घेते. आमच्या वाचनगटात हे पुस्तक घेतलं तेव्हा माझ्या वयाच्या बायका गप्प बसून राहिल्या आणि विशीतल्या मुली चिडल्या: तिने ऐकलंच का? मला तिथे दोन्ही बाजू खऱ्या वाटल्या. मासूमे आयुष्यभर बापाच्या, भावांच्या, नवऱ्याच्या नावाने जगली. मुलांना तिच्यात ‘हुतात्म्याची पत्नी’ आणि ‘आपली आई’ याखेरीज तिसरं कुणी दिसतच नाही.

इराणी कादंबरीतला पिढ्यांचा संघर्ष जुने विरुद्ध नवे असा सरळ मांडला जात नाही, हे मला तुम्हाला आवर्जून सांगायचंय. तो बहुतेक वेळा मधल्या बाईभोवती फिरतो. झोया पीरझाद यांच्या ‘आदत मीकोनीम’ मध्ये (‘सवय होते’ असं म्हणता येईल, प्रकाशन २००४) आरेझू ही घटस्फोटित बाई वडिलांच्या मागे तेहरानात घरं विकण्या-भाड्याने देण्याची एजन्सी चालवते. आई माहमुनीर जुन्या इभ्रतीच्या तोऱ्यात राहणारी, मुलगी आये विशीच्या उंबरठ्यावर आणि पॅरिसमधल्या बापाकडे जायला आतुर. दोघींचा खर्च आरेझूच्या कमाईवर. आरेझूच्या आयुष्यात एक भला माणूस येतो, तेव्हा या दोघी, ज्यांचं एरवी एकमेकींशी काडीचं जुळू नये, तिच्या विरोधात एक होतात. आजी आणि नातीची ही युती मला फार खरी वाटते. एकीला भूतकाळ हवाय, दुसरीला पॅरिस, आणि दोघींनाही मधली बाई जागेवरून हलायला नकोय. इथली सरहद्द लक्षात घ्या: बाप कधीकाळी निघून गेला, रोजच्या कटकटीत तो कुठेच नाही, म्हणून मुलीच्या मनात तो कायमचा चांगला.

या बायकांच्या पिढ्यांमागे एक आकडा आहे. १९८० च्या दशकाच्या सुरुवातीला इराणी बाईला सरासरी सहाहून अधिक मुलं होत. २००० च्या सुमारास हे प्रमाण दोनच्या आसपास आलं. एवढी झपाट्याची घसरण जगात फार थोड्या देशांनी पाहिली. म्हणजे आजीला सात मुलं, आईला दोन, नातीला एखादंच. पूर्वी एक मुलगा परदेशी गेला तर मागे सहा उरत. आता गेला तो एकच असतो, आणि त्याच्याबरोबर घरच जातं.

पुन्हा शब्दांकडे येते. अब्रूचं क़हरसारखं झालं नाही. ‘आबेरू’ हा फारसी शब्द, आपण तो जसाच्या तसा घेतला, आणि अर्थही जवळपास तोच राहिला, त्यामुळे अनुवादात तो आपोआप बसतो. ‘ग़रीब’ मात्र फसवतो. मराठीत गरीब म्हणजे पैसा नसलेला. फारसीत ग़रीब म्हणजे परका, आपल्या माणसांपासून तुटलेला. आणि परमुलखातल्या त्या अवस्थेला ‘ग़ोर्बत’ म्हणतात. पॅरिसमधला श्रीमंत इराणीसुद्धा ग़ोर्बतमध्ये असतो. ‘ख़ारेज’ म्हणजे परदेश. आपल्याकडे हाच शब्द ‘खारीज’ झाला, अर्ज खारीज होतो तो. तेहरानची आई शेजारणीला सांगते की मुलगा ख़ारेजमध्ये आहे, तेव्हा मला दोन्ही अर्थ ऐकू येतात. इराणी वाचकाला तसं ऐकू येत नसणार, पण मराठीतून वाचणाऱ्याला हा एक जास्तीचा कप्पा आपोआप मिळतो.

ग़ोर्बत सगळ्यात नेमकी कुणी लिहिली असेल, तर गोली तरक्कींनी. त्या स्वतः क्रांतीनंतर पॅरिसला गेल्या आणि लिहीत राहिल्या फारसीतच. त्यांची एक कथा आहे, ‘आकाशातलं घर’. युद्धात तेहरानवर बॉम्ब पडू लागतात. मुलगा घर विकून बायकापोरांना घेऊन पॅरिसला जातो, आणि म्हातारी आई, माहीन बानू, मागे नातेवाइकांकडे. मग ती पॅरिसला मुलाकडे, मग लंडनला मुलीकडे. कुणी तिच्याशी वाईट वागत नाही. फक्त छोट्या घरांत तिच्यासाठी जागा नसते. शेवटी विमानातली खुर्ची हीच तिची हक्काची जागा ठरते. या कथेत कुणी कुणावर ओरडत नाही, म्हणून वरवर वाचणाऱ्याला संघर्ष दिसतच नाही. आईला न विचारता घर विकणं हाच तो संघर्ष आहे, आणि तो पहिल्या काही पानांतच घडून जातो.

तरक्कींच्याच दुसऱ्या एका कथेत यझदजवळच्या गावातली म्हातारी तेहरानच्या विमानतळावर भेटते. स्वीडनमधल्या मुलांना वर्षानुवर्षांनी भेटायला निघालेली, आयुष्यातला पहिला विमानप्रवास, आणि सामानात मुलांसाठी डाळिंबं. पुण्या-मुंबईच्या माणसाला यझद अगदीच परकं नाही: आपल्या इराणी हॉटेलांच्या मालकांपैकी अनेकांचे आजे-पणजे त्याच भागातून आले. ते झरथुष्ट्री होते, त्यांची निघायची कारणं वेगळी आणि काळ वेगळा. पण कोरड्या मुलखातल्या त्या गावातून माणसं बाहेर पडण्याची गोष्ट शंभर वर्षांहून जुनी आहे, आणि तिची एक वाट आपल्या गल्लीत उतरली.

क्रांतीमुळेच का, या तुमच्या पहिल्या प्रश्नाला ‘हो’ म्हणायला मी कचरते. घर सोडून सरहद्दीपलीकडे गेलेला मुलगा इराणी कल्पनेत हजार वर्षं आहे. ‘शाहनामा’ या फारसी महाकाव्यातला सियावश बापाशी, म्हणजे कैकावूस राजाशी, पटेना म्हणून शत्रूच्या तुराणात जातो. बाप त्याला दिलेला शब्द मोडायला सांगतो. तो मोडत नाही. आणि परमुलखात मारला जातो. त्याच्या शोकाच्या विधीवरूनच सीमीन दानेश्वर यांच्या १९६९ च्या ‘सूवशून’ कादंबरीचं नाव आलं. समीक्षक नेहमी त्याच महाकाव्यातल्या रुस्तुम-सोहराब या बापलेकांचं नाव घेतात, पण मला सियावश जास्त जवळचा वाटतो. सोहराबला बाप ओळखत नाही. सियावशला बाप पुरता ओळखतो, तरी त्याला राहता येत नाही. आजच्या कादंबऱ्यांतले मुलगे याच जातीचे आहेत.

क्रांतीने काय केलं, तर एकाच जेवणाच्या चादरीभोवती बसणाऱ्यांना वेगवेगळ्या पक्षांत वाटून टाकलं. महमूद दौलताबादींच्या ‘कर्नल’ मध्ये कुणाला परदेशी जावं लागत नाही. सरहद्दी घरातच आखल्या जातात. म्हाताऱ्या कर्नलची पाच मुलं, प्रत्येकाची वाट निराळी, आणि पावसाच्या रात्री त्याला धाकट्या मुलीचं प्रेत गुपचूप पुरायचंय. पण हा बाप निव्वळ बळी नाही. त्याने आपल्या बायकोला मारलंय. मुलांच्या पिढीतली हिंसा कुठून आली, हे लेखक बाहेर बोट दाखवून सांगत नाही. ही कादंबरी १९८० च्या दशकात लिहिलेली. ती आधी जर्मनमध्ये आली, २००९ मध्ये, आणि इराणात मूळ फारसीत छापायला परवानगी मिळाली नाही.

यातूनच एक गोष्ट येते, जी मला सर्वांत अस्वस्थ करते. इराणात प्रत्येक पुस्तकाला सांस्कृतिक मंत्रालयाची, ज्याला सगळे नुसतं ‘इर्शाद’ म्हणतात, परवानगी लागते. त्यामुळे देशात राहून लिहिणारे राजकारण स्वयंपाकघरात दडवतात: आई-मुलीच्या वादात, घर विकायच्या गोष्टीत, नवऱ्याच्या कॅनडाच्या स्वप्नात. फरीबा वफींच्या ‘परंदे-ए-मन’ मधला नवरा कॅनडाला जायच्या ध्यासाने घर विकायला निघतो, बायकोला जायचंच नसतं, आणि या एवढ्याशा विषयावर पूर्ण कादंबरी उभी राहते. बाहेर गेलेल्यांना मोकळेपणाने लिहिता येतं, पण त्यांच्या मुलांची लिहायची भाषा फारसी राहत नाही. शीदा बाझ्यार जर्मनमध्ये लिहितात, नेगार जवादी फ्रेंचमध्ये, दीना नय्येरी आणि दालिया सोफर इंग्रजीत. म्हणजे आजीवर कादंबरी लिहिली जाते आणि ती वाचणं आजीलाच शक्य नसतं. पिढ्यांमधलं सगळ्यात मोठं अंतर मला इथे दिसतं, आणि ते कथेच्या आत नाही, पुस्तकाच्या मुखपृष्ठावरच आहे.

या परभाषेतल्या लेखिकांनी त्यासाठी वेगळे आकारही शोधले. बाझ्यार यांच्या २०१६ च्या कादंबरीत एकाच कुटुंबातली माणसं दहा-दहा वर्षांच्या अंतराने बोलतात: १९७९ मध्ये बाप तेहरानच्या रस्त्यावर, १९८९ मध्ये आई जर्मनीत, १९९९ मध्ये मुलगी आईबरोबर सुट्टीत तेहरानला, २००९ मध्ये मुलगा जर्मनीत बसून पडद्यावर निदर्शनं बघणारा. कुणीही दुसऱ्याचं ऐकत नाही. जोडणी वाचकाने करायची. तेहरानला गेलेल्या मुलीला नातेवाईक प्रेमाने मिठ्या मारतात, आणि तिला कळतं की ते ज्या लालेला ओळखतात ती लहानपणीच निघून गेलीय. नय्येरींच्या ‘रेफ्यूज’ मध्ये (२०१७) इस्फहानचा अफूच्या आहारी गेलेला दंतवैद्य बाप इराणातच राहतो आणि परदेशी वाढलेल्या मुलीला वीसेक वर्षांत चारदा भेटतो. चारच भेटी! प्रत्येक भेटीत दोघंही मागच्या भेटीतल्या माणसाशी भांडतात. सोफर यांच्या २०२० च्या ‘मॅन ऑफ माय टाइम’ मध्ये तर उलट: कुटुंब न्यूयॉर्कला गेलेलं, आणि मागे राहिलेला मुलगा सत्तेसाठी कैद्यांची चौकशी करणारा झालेला. बापाची राख इराणात पुरायची ही अखेरची इच्छा, म्हणून तो ती खिशात घेऊन फिरतो. आश्ती करायला बाप उरलाच नाही, फक्त त्याचं वजन उरलं.

तरुण पिढीबद्दल एकच सांगते, कारण तुमच्या तिन्ही पुस्तकांत ती नव्हती. इराणी लोक दशकावरून माणूस ओळखतात: ‘दहे शस्ती’ म्हणजे त्यांच्या कालगणनेतल्या साठच्या दशकात, आपल्या हिशेबाने साधारण १९८१ ते १९९१ मध्ये जन्मलेले, युद्धात लहानाचे मोठे झालेले. नसीम मरअशींची ‘शरद हा वर्षाचा शेवटचा ऋतू’ ही त्यांची कादंबरी. तीन मैत्रिणी, एकीचा नवरा कॅनडाला निघून गेलाय, एक फ्रान्सच्या व्हिसाच्या मागे, तिसरी अपंग भावामुळे बांधलेली. इथे आई-बाप अडवत नाहीत. राहावं की जावं, हे भांडण प्रत्येकीच्या स्वतःच्या आतच चाललेलं असतं, आणि मला ते वाचणं जास्त जड गेलं.

कुठून सुरू करायचं? पीरझाद यांच्याच ‘चेराग़हा रा मन ख़ामूश मीकोनम’, म्हणजे ‘दिवे मी मालवते’, या कादंबरीपासून. ती इंग्रजीत आहे (‘आदत मीकोनीम’ तुम्हाला फ्रेंचमध्ये मिळेल), आणि पुढेमागे फारसी शिकायचा विचार असेल तर तिची छोटी, साधी वाक्यं पहिल्या वर्षाच्या विद्यार्थ्यालाही झेपतात. १९६० च्या दशकातलं आबादान, तेल कंपनीची वसाहत, आर्मेनियन कुटुंब. क्लारीस दिवसभर नवरा, तीन मुलं, आई आणि बहीण यांची उस्तवार करते आणि रात्री सगळे झोपल्यावर दिवे मालवते. कुणी देश सोडत नाही. पण पहिल्यांदा वाचून झाल्यावर आबादानचं पुढे काय झालं ते शोधा: १९८० मध्ये युद्ध सुरू झालं आणि शहराला वेढा पडला, रिफायनरी जळाली, वसाहती रिकाम्या झाल्या. मग पुस्तक पुन्हा उघडा आणि क्लारीस संध्याकाळी मुलांना अंगणातून आत बोलावते ती पानं वाचा.